दाहिने

लिही बाबा. तुझ्या कागदावर जागा थोडी आहे,
तरी मी सावकाशच सांगणार.

नाव पावायी. बाप करुप्पन.
सुंगाई बेरासचा मळा, सहावी लाइन, नळाशेजारची खोली.
जन्मतारीख नाही.
मी झाले तेव्हा नव्या झाडांना पहिली चीर दिली होती,
असं आई म्हणायची.
झाडांचं वय साहेबाच्या वहीत असायचं.
माझं कुठंच नाही.

का गेलीस, विचारतोस.
त्या वर्षी लॉऱ्या यायच्या,
फुकट सिनेमा दाखवतो म्हणून गड्यांना वर घ्यायच्या
आणि सयामच्या रेल्वेवर नेऊन उतरवायच्या.
माझा नवरा तसाच गेला,
चुलीवर टॅपिओका उकळत होता.
मग एक लॉरी बायकांसाठी आली.
तिच्यावर झेंडा होता म्हणतात. मी पाहिला नाही.
भात देतात का, एवढंच विचारलं.
हे लिहू नकोस.
नाही, लिही.

सिंगापुरात हुकूम हिंदुस्थानीत.
आम्हाला तमिळ सोडून यायच्या त्या साहेबाच्या शिव्या.
दाहिने कुठलं, बायें कुठलं,
रांगेत एकमेकींवर आदळायचो.
रात्री कुप्पायी म्हणाली, अगं, झाड आठवा.
चीर डावीकडून उतरत येते,
चीक ओघळतो ती बाजू दाहिने.
सकाळी अख्खी तुकडी
चीक ओघळतो तिकडे वळली.
उस्तादानं टोपी काढून डोकं खाजवलं.

रायफल कसली जड?
खांद्यावर काठी, काठीला चिकाच्या दोन बादल्या,
असं मैलमैल चाललेल्या बायका आम्ही.
जड होतं ते एक वाक्य :
तुम्ही आझाद हिंदच्या शिपाई.
हिंद मी पाहिलेला नव्हता.
आईनं बोटीतून आणलेलं एक पितळी ओगराळं,
तेवढाच माझा देश.
त्या ओगराळ्यासाठी मरायला तयार होते, हे खरं.
भातासाठी आले होते, हेही खरं.

गोळी झाडली का?
एकदा.
मेम्योच्या वाटेवर, पहाऱ्यावर, रात्री काही हललं.
उजाडल्यावर पाहिलं तर रेडकू,
आणि त्याच्यापाशी बसलेली एक बर्मी म्हातारी.
ती ओरडली नाही.
आम्हाला बघून तिनं हात जोडले.
भरपाई दिली आम्ही, सगळ्यांनी पगारातून काढून.
पण ते जोडलेले हात...
तसे हात आम्ही मळ्यात रोज जोडायचो.
ते कुणाला दिसतात, हे त्या सकाळी कळलं.

परतीचं काय सांगू.
दिवसा झाडाखाली, रात्री पायी.
सितांगच्या काठाला कुप्पायीचे पाय सुजून
बुटात मावेनात.
ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, मी येते मागून.
आम्ही पुढं झालो.

मळ्यावर तोच साहेब परत आला होता,
तुरुंगातून सुटलेला, आमच्याहून हडकुळा.
कंगाणीनं विचारलं, दोन वर्षं कुठं होतीस?
म्हटलं, तैपिंगला, मावशीकडे.
त्यानं सुरी दिली. मी झाडापाशी गेले.
रोज चारशे झाडं.
प्रत्येक चिरेला मनात म्हणायचे, दाहिने.
ओठ हलू द्यायचे नाहीत.
असं एकवीस वर्षं.

साक्षीदार हवा म्हणतोस,
माझ्याबरोबरचा, हयात असलेला.
कुप्पायी मागून येते म्हणाली होती.
मळ्यात आता तेलाचे माड लावलेत,
फक्त देवळामागं रबराची तीन झाडं उरलीत.
वाटेत थांबून त्यांच्या बुंध्यावर हात फिरव.
माझ्या हाताच्या चिरा आहेत तिथं,
साल भरून आली, तरी बोटाला लागतात.
त्या चालतील का तुमच्या सरकारला?

बरं, राहू दे.
अंगठा कुठला लावू?
उजवा?
थांब जरा,
झाड आठवू दे.